साइड व्हीलच्या गाडीलाही लायसन्स लागते, तो मेसेज चुकीचा आहे

राजेहो, ग्रुपवर फिरून राहिलं की स्कूटीला बाजूची दोन चाकं लावली अन् दिव्यांगाचं कार्ड खिशात असलं की लायसन्स लागत नाही. तसं नाहीये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ३, लायसन्स सगळ्यांनाच, फक्त आपल्या दिव्यांगांसाठी 'अडॅप्टेड व्हेईकल' (दिव्यांगासाठी बदल केलेली गाडी) असा वेगळा प्रकार आहे, २०१९ च्या आधी त्याला 'इनव्हॅलिड कॅरेज', म्हणजे अपंगांची गाडी, म्हणत (काय नाव होतं बापा!), अन् टेस्ट आपल्याच गाडीवर द्यायची, नागपूरचं एमएच ३१ आरटीओ असो की ४९. चाकं लावल्याची नोंद आरसीवरही (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) पाहिजे, त्याच कायद्याचं कलम ५२.

घोळ बहुतेक बॅटरीच्या गाड्यांमुळे झाला. २५० वॅटच्या आतली मोटर अन् स्पीड ताशी २५ किमीच्या आत असेल तर लायसन्स नाही लागत, पेट्रोलच्या स्कूटीला ते लागू नाही.

अन् टेस्टआधी रिकाम्या ग्राउंडवर शिका, ही गाडी वळणावर झुकत नाही, वेगात हँडल मारलं की आतल्या बाजूचं चाक उचलते, माझं अमरावती रोडवर उचललं होतं, घाम फुटला.

पाठवणाऱ्यावर राग नाही, मीच दोघांना पाठवून बसलो होतो. आता डिलीट करा, पुढे नका ढकलू.