‘एएमडी आपल्या उन्हात जळतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या पांढरकवड्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘पोराला लॅपटॉप घेताना एएमडीचा प्रोसेसर घेऊ नका. तो इंटेलची नक्कल आहे, त्यावर सॉफ्टवेअर चालत नाही, विदर्भाच्या उन्हात तो जळतो. जुना आय-सेव्हन घ्या, पण इंटेलच घ्या.’ इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, बनवणाऱ्या दोन कंपन्या. मी तालुक्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कापूस विकून लॅपटॉप घेणारे कास्तकार हा मेसेज दाखवून मला विचारतात, म्हणून लिहितो आहे.

आधी नक्कल. आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीने १९८१ च्या पीसीत इंटेलची चिप घातली, पण एकाच कंपनीवर भिस्त नको म्हणून दुसरा पुरवठादारही मागितला. त्यातून १९८२ च्या करारानं एएमडी इंटेलच्याच परवान्यानं चिपा बनवू लागली. पुढे दोघांत कोर्टकचेऱ्या झाल्या. पण या दोघांच्या चिपांवर ६४ बिटचं विंडोज आज ज्या आज्ञासंचावर, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांच्या यादीवर, चालतं, तो आखला एएमडीनं. २००३ मध्ये तो बाजारात आला आणि २००४ मध्ये इंटेलनं स्वीकारला. दोघांची भाषा एकच, त्यामुळे हिशेबाचं टॅली असो की नकाशे काढायचं ऑटोकॅड, दोन्हींवर चालतं.

आता ऊन. हा समज अगदीच हवेतला नाही. एएमडीचा २०१३ चा एफएक्स-९५९० हा डेस्कटॉप प्रोसेसर तब्बल २२० वॉटचा होता, आणि जितके वॉट जास्त तितकी चिप तापते. पण २०१७ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझेन या नव्या प्रोसेसरांपासून चित्र पालटलं. साध्या पातळ लॅपटॉपमध्ये दोघांच्याही चिपा साधारण १५ ते २८ वॉटच्या असतात. आतलं तापमान ९५-१०० अंशांवर गेलं की चिप आपली गती कमी करते, त्याहून वाढलं तर मशीन बंद पडतं. माझ्या टेबलावर तापलेले लॅपटॉप दोन्ही कंपन्यांचे येतात. कापूस भरलेल्या खोलीतच लेकरू अभ्यास करतं, अन् पंखा उघडला की जाळीत तंतूंचा बोळा निघतो. तो काढला, चिपची उष्णता बाहेर काढायला लावलेला वाळलेला लेप (थर्मल पेस्ट) बदलला, की मशीन मे महिन्यातही चालतं. उलट २०२४ मध्ये इंटेललाच तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष मान्य करून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. इंटेल वाईट, असं मी म्हणत नाही. दोष कुणातही निघतो.

खरं नुकसान शेवटच्या सल्ल्यानं होतं, आणि त्याचाच मला राग आहे. आय-सेव्हन हे इंटेलच्या वरच्या दर्जाच्या प्रोसेसरचं नाव, आय-थ्री खालच्या; पण हा मान त्या त्या पिढीपुरता असतो. २०१५ च्या आय-सेव्हन ५५००यू मध्ये दोनच कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तर २०२२ च्या आय-थ्री १२१५यू मध्ये सहा. विंडोज ११ ला, थोडे अपवाद सोडले तर, इंटेलची किमान आठवी पिढी लागते, ५५००यू पाचवीचा आहे, आणि विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पोराच्या हाती पहिल्याच दिवशी मुदत संपलेलं मशीन.

दुकानात जाल तेव्हा दोन्ही कंपन्यांचे भाव मागा, आणि ‘आय-सेव्हन’ किंवा ‘रायझेन’ एवढ्यावर न थांबता पूर्ण मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या.