स्टीलची आहे ना, मग झालं?

पावसाळा सरत आला की आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश न चुकता येतो. कुणाला दिवाळीच्या सुट्टीत कोकण किनारा करायचा असतो, कुणी पुणे-गोवा ठरवलेलं असतं, नवी सायकल घ्यायची असते. त्यामुळे संदेशाला अंगठेही भरपूर मिळतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लांबच्या प्रवासाला स्टीलची फ्रेम घ्या, बाकी काहीही चालतं. स्टील धक्के पिऊन टाकतं. टायर बारीक घ्या आणि दगडासारखा टणक ठेवा, सायकल पळते. चाक सव्वीस इंची घ्या, टायर कुठल्याही खेड्यात मिळतो. पावसासाठी खोल नक्षीचा टायर हवा. फ्रेम मोडली तर कोणताही वेल्डर जोडून देतो. गिअर जितके कमी तितकी कटकट कमी. एवढं वाचूनही ज्याला पटत नसेल त्याच्यासाठी शेवटी १९२३ साली मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघालेल्या पारशी तरुणांचा दाखला.

माझी सायकल स्टीलचीच आहे आणि ती मी विकणार नाही. तरीही या संदेशामुळे दरवर्षी दोन-चार जण चुकीची सायकल घेऊन बसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शेवटचा दाखला आधी घेतो, कारण तो लवकर आटपतो. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात सुमारे ७१ हजार किलोमीटर सायकल मारली. मला वर्षातून एकदा तरी त्यांची आठवण होते, बहुधा एखाद्या चढावर दम लागलेला असताना. पण त्या वेळी दुकानात सहज मिळणारी सायकल स्टीलचीच असायची. सगळेच स्टीलवर होते, तर त्यातून स्टील इतरांपेक्षा चांगलं हे कसं ठरणार? ते त्या तिघांच्या पायांचं कौतुक आहे, आणि तेवढं पुरे आहे.

आता धक्क्यांचं. सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. आडवी ती थोडी लवचीक असते, पण उभ्या दिशेने त्रिकोण फारसा दबतच नाही. फार तर मिलिमीटरच्या आसपास. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, थोडा जास्त लवतो, एवढंच. उलट ३८ मिलिमीटरचा टायर योग्य हवेत माणूस बसल्यावर पाच-सहा मिलिमीटर दबतो. फ्रँक बेर्तो नावाच्या अमेरिकन सायकलतज्ज्ञाने टायर उंचीच्या १५ टक्के दबावा असा अंदाज घालून दिला होता, तो आजही बहुतेक लोक धरून चालतात. म्हणजे खड्ड्यात जे काही पिऊन टाकायचं ते टायर पितो, आणि श्रेय दांड्यावरचं स्टिकर घेऊन जातं.

स्टिकरवरून आठवलं. स्टील साधं असो की क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील), त्याचा ताठरपणा सारखाच असतो, सुमारे २०० गिगापास्कल. क्रोमोली जास्त मजबूत असतं म्हणून त्याची नळी पातळ करता येते, वजन कमी होतं, आणि पातळ नळीमुळे सायकल पायाखाली थोडी जिवंत वाटते. पण स्टिकर नीट वाचा. बऱ्याचदा पुढच्या तीन नळ्याच क्रोमोली असतात आणि मागचा त्रिकोण, जिथे सगळं सामान बसणार, तो साध्या स्टीलचा असतो. त्याने बिघडत काही नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते कळावं.

फ्रेम बघायला गेलात तर मी सांगेन ते एकच बघा. मागच्या चाकाजवळ, पेडलच्या मागे, जिथे दोन नळ्यांमधून टायर जातो तिथे जागा किती आहे? टायरच्या दोन्ही बाजूंना करंगळी सहज फिरायला हवी, आणि वर मडगार्डची जागा वेगळी. कोकणात पावसाळी लाल चिखल या फटीत बसतो आणि सुकला की चाकाला सँडपेपरसारखा घासतो. २८ मिलिमीटरच्या वर टायरच बसत नाही अशी देखणी स्टील फ्रेम आणि ४५ बसतो अशी ॲल्युमिनियमची फ्रेम समोर ठेवलीत, तर टूरसाठी मी डोळे मिटून ॲल्युमिनियमची उचलेन. ग्रुपवर यासाठी मला शिव्या बसल्या आहेत.

बारीक आणि टणक टायरचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. टायर लोळताना ताकद जाते ती मुख्यतः रबर आणि आतलं कापड वाकण्यात. सारख्या हवेत रुंद टायरचा जमिनीवरचा ठसा आखूड आणि रुंद होतो, बारीक टायरचा लांब आणि अरुंद. लांब ठशात टायर जास्त वाकतो, म्हणून सारख्या हवेत रुंद टायर कमी ताकद खातो. रुंद टायरात प्रत्यक्षात हवा कमी ठेवतात, हे खरं. पण मग दुसरा फायदा मिळतो: खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर अख्खी सायकल आणि तिच्यावरचा माणूस वर उचलतो, आणि ते उचलणं तुमच्याच पायांतून जातं. शर्यतवाल्यांनाही हे पटलं. एके काळी २३ मिलिमीटर म्हणजे शेवटचा शब्द होता, आता टूर द फ्रान्समध्ये २८ आणि ३० सर्रास दिसतात. तिथले रस्ते आणि आपला मुंबई-गोवा महामार्ग यांची तुलना मी करत बसत नाही.

एक गंमत अनेकांना माहीत नसते. टायरच्या कापडावर येणारा ताण हवेचा दाब आणि टायरची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. म्हणून २५ च्या टायरात जितकी हवा भरता तितकीच ५० च्या टायरात भरली तर कापडावर दुप्पट ताण येतो. रुंद टायरवर छापलेला आकडा कमी असतो तो यामुळे. आणि टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी भरा असा तो हुकूम नाही. सामान लादल्यावर माझ्या ३८ च्या टायरात मागे ६० आणि पुढे ४५ पीएसआय असते. तुमचं वजन वेगळं असेल तर आकडा बदलेल.

सव्वीस इंचाचा दावा मात्र मला अंगावर घ्यावा लागला आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

माझी आधीची सायकल म्हणजे जुनी स्टीलची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, सव्वीस इंची चाकांची. दाभोळला फेरीबोटीत सायकल चढवली, पलीकडे धोपाव्याला उतरलो आणि गुहागरच्या अलीकडे एका उतारावर जांभ्याच्या कडेला मागचा टायर घासला. बाजूची भिंत बोटभर फाटली, आतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर. ढकलत ढकलत पुढच्या गावात गेलो. पत्र्याची टपरी, बाहेर हवेचा पंप, आत काकांच्या डोक्यावर खिळ्याला पाच-सहा टायर टांगलेले. मला संदेशातलं वाक्य आठवलं आणि हायसं वाटलं.

“सव्वीसचा आहे का?” विचारलं.

“आहे की. सव्वीसच तर चालतो इथे.” काकांनी आकडीने एक खाली ओढला.

टायर रिमवर ठेवला आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. तो चाकाभोवती बांगडीसारखा फिरत होता, चहूबाजूंनी दीड सेंटिमीटर सैल. काकांनी पुन्हा बाजूचं वाचलं, मीही वाचलं. २६ × १⅜ लिहिलं होतं. माझ्या टायरवर २६ × १.९५. “सव्वीसच आहे हो,” काका म्हणाले, टायरनेच खोटं बोलावं तसं.

टायरवर खाली बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, खरा तो. लेडीज सायकलच्या २६ × १⅜ वर ३७-५९० असतं, एमटीबीच्या सव्वीसवर ५५९. हा रिमवर टायर जिथे बसतो त्या घेराचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ५९० आणि ५५९ यांत ३१ मिलिमीटरचा फरक, तोच आमच्या हातात सैल फिरत होता. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा २८ × १½ म्हणजे ६३५. हल्लीच्या हायब्रिड आणि टूरिंग सायकलींचं ७०० सी म्हणजे ६२२. हाही दूधवाल्याच्या टायरला १३ मिलिमीटरने चुकतो. त्यावर कडी म्हणजे २६ × १.७५ आणि २६ × १¾. शाळेच्या गणितात दोन्ही सारखेच, पण पहिला ५५९ आणि दुसरा ५७१, एकमेकांत बसत नाहीत. इंच हे नुसतं नाव झालं आहे, त्याने काही मोजू नका.

एमटीबीचा ५५९ टायर तालुक्याच्या गावी बहुधा मिळतो, हे मान्य. तो जाड, जड आणि गाठीदार असतो, पण घरी पोचवतो. खेड्यात मात्र तिथल्या लोकांच्या सायकलींना लागतो तो टायर असतो. काका माझ्यासाठी दुकान का भरतील?

शेवटी काकांनीच मार्ग काढला. भंगारातल्या टायरचा वीतभर तुकडा कापला, दोन्ही कडांची तार काढून टाकली, कडा सुरीने तासून पातळ केल्या आणि माझ्या फाटक्या टायरात आतून बसवला. याला गेटर टाकणं म्हणतात. हवा थोडी कमी ठेवली आणि त्या गेटरवर मी मालवणपर्यंत गेलो. काकांनी घेतले तीस रुपये, आणि चहा त्यांच्याकडून.

तेव्हापासून सामानात घडी होणारा एक टायर असतो, गेटरचा कापलेला तुकडा असतो आणि पितळेची एक छोटी टोपी असते. ही टोपी बारीक, फ्रेंच व्हॉल्व्ह असणाऱ्यांसाठी. ती लावली की मोटरसायकलच्या टायरात हवा भरणाऱ्या पाइपने आपल्यालाही हवा भरता येते. दहा-वीस रुपयांची वस्तू, नसली की पेट्रोलपंपावर उभं राहून नुसतं बघायचं. रिमची भोकं रुंद असतील तर सरळ मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूबच घाला, भानगडच नको.

खोल नक्षीबद्दल फार लिहीत नाही. मोटारीचा टायर रुंद आणि चपटा, वेग जास्त, म्हणून तो पाण्यावर तरंगतो आणि त्याला पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलचा टायर गोल आणि अरुंद, पाणी आपोआप बाजूला सरतं. डांबरावर गाठींचा टायर फक्त गुणगुणतो आणि लवकर झिजतो. शेवाळलेल्या उतारावर दोन्ही सारखेच आपटतात, मी दोन्हींवर आपटलो आहे. काट्यांसाठी आतल्या थराकडे बघा. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ५ मिलिमीटरचा रबरी थर असतो, बाभळीचा काटा त्यात अडकतो. टायर जड होतो आणि चढवताना अंगठे सोलून निघतात. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, तिथे मला हा व्यवहार परवडतो.

वेल्डरचं निम्मं खरं आहे. चांगल्या फ्रेमची नळी टोकाला ०.८ आणि मध्ये अर्धा मिलिमीटर जाड असते. गावचा वेल्डर गेट आणि ट्रॉल्या जोडतो. त्याच्या आर्कखाली अर्ध्या मिलिमीटरला जोड सोडून भोक पडतं. पितळ झाळून गॅसने जोडणारा कारागीर भेटला तर नशीब, पण ते दिवस सरत चाललेत. मुळात प्रवासात फ्रेम क्वचितच मोडते. मोडतो तो कॅरिअर, तुटतात ते कॅरिअरचे एम-५ बोल्ट आणि मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे आरे. म्हणून कॅरिअर स्टीलचा घ्या, त्याची सळई वेल्डर खरोखर जोडून देतो. मागे ३६ आऱ्यांचं चाक घ्या. आरे तुटतात ते बहुतेकदा सैल असल्यामुळे, दर फेऱ्यात ताण कमी-जास्त होऊन; नुसत्या वजनाने नाही. दुकानात फक्त आउट, म्हणजे चाकाची डगमग, काढून देतात, ताण सारखा करून द्या असं वेगळं सांगावं लागतं. चाक फ्रीव्हीलचं आहे (मागची दातेरी चक्रं हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, आट्यांनी बसवलेली) की कॅसेटचं (चक्रं हबवर सरकवून बसवलेली), तेही विचारा. जुन्या फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचे छर्रे आत असतात, एक्सलचं टोक लोंबकळत राहतं आणि सामान लादलं की वाकतं. कॅसेटमध्ये छर्रे पार कडेला येतात.

आणि गिअर. ही तक्रार शंभर वर्षांची आहे. टूर द फ्रान्सच्या संस्थापकांनाही डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, हा कमकुवतपणा वाटायचा, शर्यतीत त्याला परवानगी मिळाली ती १९३७ साली. आता हिशेब करा. सायकल, सामान आणि मी मिळून ११० किलो. पुढे ३४ दाते, मागे २८ हा रोड सायकलचा सर्वांत हलका गिअर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटर, आणि सहा टक्के चढावर त्याला सुमारे १९० वॅट लागतात. तेवढे मी दहा मिनिटं देतो आणि मग सायकल धरून चालायला लागतो. पुढे २६, मागे ३४ केलं तर त्याच फेऱ्यांत वेग ताशी सहा आणि वॅट सुमारे १२०. तेवढ्यावर मी गप्पा मारत तासभर चढतो. किनाऱ्याच्या रस्त्याला प्रत्येक खाडीनंतर असा चढ आहे, आणि सहा टक्के हे तिथे सौम्य म्हणायचं.

म्हणून पुढे ४८/३६/२६ दात्यांची तीन चक्रं आणि मागे ११ ते ३४ दात्यांची. याला मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा, ४५ दात्यांची क्षमता असलेला लागतो: पुढचा फरक २२, मागचा २३. शिमानो कंपनीच्या ९ स्पीडमध्ये (मागे नऊ चक्रं) रोड सायकलचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, आणि एमटीबीचा मागचा डिरेलर यांची जोडी जमते, १० स्पीडमध्ये जमत नाही, कारण केबल ओढण्याचं प्रमाण बदललं. दुकानदार “जमून जाईल हो” म्हणाला तर तिथेच बसवून, स्टँडवर चढवून, पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणि मागच्याही सर्वांत मोठ्या चक्रावर एकाच वेळी चेन टाकून दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर.