शाप-बिप काही नाही: बेब रूथच्या विक्रीची फॉरवर्डमधली कहाणी

हा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी सोडून दिला होता. आयपीएलचा लिलाव जवळ आला की असलं काहीबाही फिरतंच. पण परवा बहिणीने बोस्टनजवळून भाच्याच्या वहीचा फोटो पाठवला. मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला तीन मिनिटं बोलायचंय. आणि आजीने, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, सांगलीहून धाडलेला तोच फॉरवर्ड पोराने सुवाच्य अक्षरात उतरवून काढलाय. 'शाप' या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा! आईशी वाद घालणं मी केव्हाच सोडलंय, म्हणून इथे लिहितो.

फॉरवर्ड थोडक्यात असा: बोस्टन रेड सॉक्स हा बेसबॉलमधला अव्वल संघ. त्याच्या नाटकवेड्या मालकाने 'नो, नो, नॅनेट' नावाच्या संगीतिकेला पैसे हवेत म्हणून बेब रूथ या नामांकित खेळाडूला न्यूयॉर्क यांकीज या संघाला विकून टाकलं. रूथने जाताना शाप दिला आणि संघाला ८६ वर्षं विजेतेपद मिळालं नाही. रूथ मात्र तिकडे दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला. खाली तात्पर्य, त्याखाली हात जोडलेले.

आधी ती संगीतिका. रूथच्या विक्रीचा करार २६ डिसेंबर १९१९ चा आहे. हा कागद २००५ साली सदबीजच्या लिलावात ९,९६,००० डॉलरला गेला, म्हणजे खुद्द रूथच्या किमतीच्या जवळजवळ दसपट. त्यात व्यवहार स्वच्छ लिहिलाय: किंमत एक लाख डॉलर. पंचवीस हजार रोख, उरलेल्या पंचाहत्तर हजारांच्या तीन वचनचिठ्ठ्या, सहा टक्के व्याजाने, शेवटचीची मुदत नोव्हेंबर १९२२. आता ती संगीतिका बघा. रंगमंचावर आली १९२४ मध्ये, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यगृहांच्या भागात, सप्टेंबर १९२५ मध्ये. तोवर मालक हॅरी फ्रेझीने बोस्टनचा संघसुद्धा विकला होता, १९२३ सालीच. जे नाटक अजून लिहिलंही गेलं नव्हतं त्यासाठी माणूस पाच वर्षं आधी खेळाडू विकेल कशाला?

बरं, अर्धं खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. फ्रेझी नाट्यनिर्माता होताच. डिसेंबर १९१९ मध्येच त्याचं एक गद्य नाटक ब्रॉडवेवर लागलं होतं आणि पुढे त्याच कथेवरून ती संगीतिका झाली. पैशांची चणचणही होती. संघ १९१६ मध्ये घेतला तेव्हाचं देणं डोक्यावर होतं, आणि यांकीजचा मालक रूपर्ट याच्याकडून फेनवे पार्क हे बोस्टनचं मैदान तारण ठेवून तीन लाखांचं कर्ज मिळणार होतं. पण 'नाटकापायी घर धुतलं' ही गोष्ट आपल्याला इतकी ओळखीची वाटते, की तारीख बघायची कुणाला गरजच भासत नाही.

'अव्वल संघ' म्हणे. १९१८ ला जिंकले होते, मान्य. १९१९ ला रूथने २९ होमरनचा (बेसबॉलमधले षटकारच म्हणा) विक्रम केला, तरी संघ आपल्या लीगच्या आठ संघांत सहावा आला. मोसमाच्या शेवटी साहेब संघ सोडून प्रदर्शनी सामना खेळायला निघून गेले. तीन वर्षांच्या कराराचं एकच वर्ष झालेलं असताना दहा हजारांचा पगार वीस हजार करून मागितला. रूथ गेल्यावर १९२० मध्ये बोस्टन पाचवं आलं. खरी घसरण पुढे झाली, फ्रेझीने एकामागून एक पिचर (चेंडू टाकणारे) न्यूयॉर्कला धाडले तेव्हा. हर्ब पेनॉक गेला तो १९२३ च्या जानेवारीत. त्याबद्दल फ्रेझीला जितक्या शिव्या द्यायच्या तितक्या द्या, मी आड येणार नाही. (फ्रेझीकडेही खेळाडू विकायला गिऱ्हाईकं फार नव्हती. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन याच्याशी भांडण, आठपैकी पाच संघ जॉन्सनच्या बाजूचे. उरले शिकागो आणि न्यूयॉर्क.)

दरवर्षी सर्वोत्तम खेळाडू? एकदाच, १९२३ मध्ये. तेव्हा नियमच असा होता की एकदा मान मिळाला की पुन्हा नाही. म्हणून १९२७ मध्ये रूथने ६० होमरन मारले तरी मान लू गेहरिगला गेला.

आता तो शाप. रूथने कसलाही शाप दिला नाही. बोस्टनजवळ सडबरीला त्याने पुढे शेत घेतलं, आणि यांकीजनी सोडल्यावर १९३५ मध्ये तो खेळायला आला तो बोस्टनलाच, ब्रेव्हज या दुसऱ्या संघाकडून. 'शाप' हे प्रकरण गाजलं ते १९८६ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, हातातून निसटल्यावर. म्हणजे रूथ वारल्यावर अडतीस वर्षांनी.

हे नुसतं थोतांड असतं तर मी हसून सोडलं असतं. पण शापाच्या पदराखाली एक गोष्ट झाकली जाते. १६ एप्रिल १९४५ ला फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी झाली: जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो, मार्विन विल्यम्स. तीही शहरातून दबाव आला म्हणून. रेड सॉक्सने तिघांपैकी एकालाही पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षांनी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून उतरला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, १९४९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. जेथ्रोला १९५० मध्ये तोच नवोदितांचा मान मिळाला, तोही बोस्टनच्याच ब्रेव्हजकडून खेळताना! गाव तेच, माणूस तोच. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, उतरवला जुलै १९५९ मध्ये. दोन्ही लीगच्या मिळून सोळा संघांत सर्वांत शेवटी. समोर आलेला रॉबिन्सन परत पाठवायचा आणि हरलो की मेलेल्या रूथच्या नावाने बोटं मोडायची. मालक टॉम यॉकी १९३३ पासून १९७६ पर्यंत संघ धरून होता, त्याला हा शाप किती सोयीचा!

आणि माझा भाचा? तिथल्या शाळेत तपकिरी कातडीचं पोर तो. त्याच्याच तोंडून हे जाणार होतं.

रात्री त्याला व्हिडिओ कॉल केला. कराराच्या तारखा त्याला फारशा भावल्या नाहीत. जेथ्रोपाशी आल्यावर मात्र थांबून विचारलं, "मामा, म्हणजे तो आमच्या इथेच खेळला?" मग लाल रेघांवर व्हाइटनर फिरवला. आजीला कळवायचं काम त्याने माझ्याकडे दिलंय.