रेन गार्डन म्हणजे नुसती शोभा? मग सिएटलच्या माशांचं काय ते सांगा

सिएटलकडच्या मराठी मंडळींत एक मेसेज फिरतोय, की रस्त्याकडेची रेन गार्डन (पावसाचं वाहतं पाणी मुरवायला केलेले खोलगट झाडांचे वाफे) म्हणजे पैशाची उधळण, माती फार तर गाळ आणि पालापाचोळा अडवते, विरघळलेलं विष तसंच खाली जातं, वर डास होतात आणि काही वर्षांत ती मातीच विषारी होते.

विरघळलेल्या विषाचं आधी बोलू, कारण खरा मुद्दा तोच. इथल्या ओढ्यांत कोहो सॅमन जातीचे मासे पावसाळा सुरू झाला की समुद्रातून अंडी घालायला वर येतात आणि अंडी न घालताच तडफडून मरतात, हे वर्षानुवर्षं चाललं होतं. संशोधकांनी हायवेवरून वाहून आलेलं पाणी टाकीत भरून त्यात कोहो सोडले तर दिवसाच्या आत मेले, आणि तेच पाणी रेन गार्डनमध्ये असतो तशा वाळू-कंपोस्टच्या थरातून झिरपवून घेतलं तर मासे जगले! तेव्हा नेमकं मारतंय काय हेही माहीत नव्हतं, ते कळलं २०२० च्या डिसेंबरात. टायरला भेगा पडू नयेत म्हणून रबरात सिक्स-पीपीडी नावाचं केमिकल घालतात, त्याची ओझोनशी रिअ‍ॅक्शन होऊन जे क्विनोन बनतं, ते. म्हणजे माती नुसती चाळणी नाहीये, कंपोस्टमधला सेंद्रिय भाग असली केमिकल्स, तांबं, झिंक धरून ठेवतो, तेलाचा अंश बॅक्टेरिया खातात आणि झाडांची मुळं माती मोकळी ठेवतात म्हणून पाणी मुरत राहतं.

डासांचं म्हणाल तर अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठवडा साचलेलं पाणी लागतं, नीट बांधलेलं रेन गार्डन दोन-तीन दिवसांत कोरडं होतं. तुंबत असेल तर गाळ बसलाय, तो काढायला लावा, तक्रार करा.

मातीत धातू साठतात हे मात्र खरंय, पण बहुतेक वरच्या थरातच, म्हणून तो थर अधूनमधून काढून बदलायचा असतो. नाहीतर तेच धातू प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटललगतच्या खाडीत जाणार, तिथून कोण फावड्याने काढणार आहे?

मेसेजवाल्यांनी खरा कच्चा दुवा धरलाच नाही. साध्या रेन गार्डनमध्ये नायट्रेट नीट अडत नाही, आणि नव्या कंपोस्टमधून सुरुवातीला फॉस्फरस उलट बाहेर येतो, तळ्याजवळ हे फार वाईट, शेवाळ माजतं. तिथे कंपोस्ट किती घातलंय हे विचारा ना, जरूर विचारा.