प्रोटॉनच्या भरवशावर हार्मोनचं इंजेक्शन थांबवू नका

प्रोस्टेट कॅन्सरवरचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. वर लाल आणि निळ्या रंगातली दोन शरीरांची चित्रं, खाली पाच दावे. प्रोटॉन थेरपीने, म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा झोत सोडणाऱ्या रेडिएशनने, प्रोस्टेटचा कॅन्सर शंभर टक्के बरा होतो. साइड इफेक्ट शून्य. नेहमीचं रेडिएशन आतडी जाळतं. प्रोटॉन घेणार असाल तर हार्मोनच्या इंजेक्शनची गरज नाही, ती आधी बंद करा. आणि शेवटी नेहमीचंच: डॉक्टर हे तुमच्यापासून लपवतात.

हा मेसेज माझ्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी ठरलेलं इंजेक्शन पुढे ढकललं. "अगं, प्रोटॉन घेतलं की इंजेक्शन लागतच नाही म्हणे. मग कशाला टोचून घ्यायचं?" हे ऐकल्यावर गप्प बसणं मला शक्य नाही. म्हणून चौथ्या दाव्यापासूनच सुरुवात करते, कारण माणसाचं खरं नुकसान तोच करतो.

प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर वाढतात. हार्मोनचं इंजेक्शन मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद करतं आणि शरीरातलं टेस्टोस्टेरॉन खाली आणतं. आजार मध्यम किंवा जास्त जोखमीचा असेल, म्हणजे तो पसरण्याची किंवा उलटण्याची भीती जास्त असेल, तर हे इंजेक्शन बहुधा रेडिएशनच्या जोडीला देतात. त्याने रेडिएशनचा परिणाम वाढतो, आणि प्रोस्टेटबाहेर निसटलेल्या, कुठल्याही स्कॅनवर न दिसणाऱ्या पेशींनाही आळा बसतो. प्रोटॉन हेसुद्धा रेडिएशनच आहे. जिथे नेम धरला तिथल्याच पेशींना ते मारतं, बाहेर निसटलेल्या पेशीला ते शिवतही नाही. मग ते इंजेक्शनची जागा कशी घेणार?

जोखीम जास्त असलेल्या रुग्णांमध्ये या इंजेक्शनने काय फरक पडतो, हे युरोपातल्या ४१५ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. निम्म्यांना फक्त रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशन आणि तीन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं. दहा वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ४० टक्के लोक हयात होते, दुसऱ्या गटातले ५८ टक्के. हा फरक मेसेजमधल्या एका ओळीने पुसून टाकायचा?

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगते. कमी जोखमीच्या आजारात हार्मोन सहसा देतच नाहीत. अशा कुणी प्रोटॉन घेतलं असेल तर त्याला इंजेक्शन लागलं नसणारच, पण त्याचं श्रेय प्रोटॉनला जात नाही. आणि इंजेक्शनचा त्रास खोटा नाही. अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, कामेच्छा जाते, हाडं ठिसूळ होतात. त्रास सहन होत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, मुदत कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, ते विचारा. पण परस्पर तारीख चुकवू नका. इंजेक्शनचा असर उतरला की टेस्टोस्टेरॉन पुन्हा चढायला लागतं.

आता ते चित्र. क्ष-किरणांच्या शरीरात आरपार लाल पट्टा, प्रोटॉनच्या शरीरात मध्येच थांबलेला निळा पट्टा. यातलं भौतिकशास्त्र खरं आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतो आणि तिथेच थांबतो, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली याच गुणामुळे तो उपचारासाठी सुचवला होता. पण चित्रात दोन्हीकडे एकेकच झोत दाखवलाय. प्रोस्टेटला क्ष-किरण असे एका बाजूने कुणी देत नाही. आयएमआरटी या क्ष-किरणांच्या नेहमीच्या पद्धतीत अनेक कोनांतून, प्रत्येक कोनाला आकार देऊन डोस देतात. त्यामुळे पूर्ण डोस फक्त प्रोस्टेटवर जमतो आणि आजूबाजूला थोडाथोडा विखुरतो.

शिवाय प्रोस्टेट एका जागी स्थिर नसते. मूत्राशय किती भरलंय, गुदाशयात वायू आहे का, यावर ती काही मिलिमीटर सरकते. म्हणूनच रुग्णाला पाणी पिऊन, पोट साफ करून यायला सांगतात, प्रोस्टेटमध्ये खुणेसाठी सोन्याचे बारीक दाणे बसवतात आणि बहुतेक ठिकाणी किरणांचा शेक देण्याआधी रोज स्कॅन काढून जागा तपासतात. गुदाशय प्रोस्टेटला मागून अगदी चिकटलेलं. प्रोटॉन समोरून सोडला आणि अंदाजापेक्षा थोडा पुढे जाऊन थांबला, तर तो थेट गुदाशयातच थांबेल. म्हणून प्रोस्टेटसाठी प्रोटॉनचे झोत बहुधा दोन्ही कुशींकडून, खुब्याच्या हाडांतून देतात. मग गुदाशयाकडे येते ती झोताची बाजूची कड, आणि इतक्या खोलवर पोचेपर्यंत ती कड विखुरून बरीच पसरट झालेली असते. ज्या धारदार थांब्याची मेसेजमध्ये जाहिरात आहे, तो इथे गुदाशय वाचवायला कामीच येत नाही.

तरीही कुणी म्हणेल, ही झाली कागदावरची चर्चा, माणसांवर काय दिसलं? पार्टिकॉल नावाच्या अमेरिकेतल्या चाचणीने नेमकं तेच तपासलं. कमी आणि मध्यम जोखमीच्या ४५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली, काहींना प्रोटॉन, काहींना आयएमआरटी. निकाल २०२४ मध्ये जाहीर झाले. दोन वर्षांनी आतड्यांच्या तक्रारींत फरक नाही. लघवीच्या तक्रारींत नाही, लैंगिक क्षमतेत नाही. पाच वर्षांनी आजार न बळावता राहिलेले रुग्ण प्रोटॉनच्या गटात ९३.४ टक्के, आयएमआरटीच्या गटात ९३.७ टक्के. म्हणजे 'आतडी जाळतं' हेही खोटं आणि 'शून्य साइड इफेक्ट' हेही खोटं. दोन्ही गटांत आतड्यांचा त्रास थोडा वाढला, सारखाच वाढला. लैंगिक क्षमतेचं तर उघडच आहे. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला लगटून जातात, त्यांना पूर्ण वगळून प्रोस्टेटला डोस देणारा किरण अजून कुणाकडे नाही.

जास्त जोखमीचे रुग्ण या चाचणीत नव्हते. पण त्यांच्यासाठी तर वर सांगितलेलं इंजेक्शनच सगळ्यात मोलाचं आहे.

शंभर टक्क्यांबद्दल फार लिहीत नाही. मेसेजखाली 'मी प्रोटॉन घेतलं, पंधरा वर्षं ठणठणीत' असे अनुभव जोडलेत. ते खरे असतीलही. पण ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांपैकी काहींवर फक्त लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन केलं, काहींना साधं रेडिएशन दिलं. पंधरा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावले ते अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. प्रोस्टेटपुरत्या मर्यादित आजारात बहुतेक माणसं इतकी वर्षं जगतातच, उपचार कुठलाही असो. त्यामुळे एकेकट्याच्या अनुभवावरून प्रोटॉनचा मोठेपणा सिद्ध होत नाही.

आणि लपवतात म्हणे! अमेरिकेतल्या रेडिएशन डॉक्टरांच्या संघटनेने, अ‍ॅस्ट्रोने, २०१३ मध्येच जाहीर सांगितलं होतं की प्रोस्टेटसाठी प्रोटॉन सरसकट सुचवू नका, चाचणीत किंवा रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवूनच द्या. पार्टिकॉल चाचणीचं नेतृत्व मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने केलं, आणि तिथे स्वतःचं प्रोटॉन केंद्र आहे. प्रोटॉन वापरणाऱ्यांनीच त्याची परीक्षा घेतली आणि निकाल जाहीर करून टाकला.

प्रोटॉन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठी, कवटीच्या तळाच्या गाठी, डोळ्यातला मेलॅनोमा नावाचा कॅन्सर, इथे मिलिमीटरला किंमत असते आणि वाढत्या मुलाच्या शरीरात जितका डोस कमी जाईल तितकं बरं. प्रोस्टेटसाठीही कुणाला ते सहज मिळत असेल, परवडत असेल, तर घ्यावं, निकाल आयएमआरटीइतकाच चांगला आहे. पण त्यासाठी रांगेत थांबून उपचार लांबवू नये. काका, तुमचा पीएसए (रक्ततपासणीचा आकडा), ग्लीसन स्कोअर (बायोप्सीवरून काढलेला आजाराच्या आक्रमकतेचा आकडा) आणि एमआरआय तीनही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जोखीम कुठल्या गटात बसते ते त्यांच्याकडून लिहून घ्या. इंजेक्शन हवं की नको ते त्यावरून ठरेल. तोवर राहिलेलं इंजेक्शन याच आठवड्यात घ्या.