सर्व्हर बंद, मीटर चालू

क्लाउडवाले, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणारे, म्हणे ‘वापराल तेवढंच भरा’! मग सर्व्हर थांबवला तरी डिस्कचं भाडं का चालू? सर्व्हर उडवला, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या प्रती, राहिले? भरा! एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, व्हर्जिनिया रीजनचं (तिथल्या डेटा सेंटरांचं) दरपत्रक बघा. डेटा आत न्यायला फुकट. बाहेर काढायला, महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले, तर जीबीमागे ९ सेंट. आवळा देऊन कोहळा! १ फेब्रुवारी २०२४पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यालाही, तासाला अर्धा सेंट. आणि ते नॅट गेटवे, आतल्या सर्व्हरांचा बाहेर जायचा नाका! नुसतं उभं राहायचे तासाला साडेचार सेंट, वर जीबीमागे तेवढेच. प्रायव्हेट सबनेटमधून (इंटरनेटला थेट न जोडलेल्या आतल्या नेटवर्कमधून) त्याच रीजनमधल्या एस३ला, म्हणजे एडब्ल्यूएसच्याच फाइलींच्या कोठाराला, जायचं, तरी याच नाक्यावरून. एस३चा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे एस३कडे जायची थेट आतली वाट, रूट टेबलला (डेटाचा रस्ता ठरवणाऱ्या तक्त्याला) जोडला की एस३साठीचा हा जीबीमागचा खर्च शून्य, एंडपॉइंटही फुकट. मग आधीपासूनच जोडून का देत नाहीत? कशाला देतील!