सोळाची गोटी म्हणे सगळ्या बाइकना चालते

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाइकवाल्यांच्या ग्रुपवर पावसाळा संपला की एक फॉरवर्ड फिरायला लागतं, यंदा ते मला तिघांनी पाठवलं आणि त्यातला एक माझा मावसभाऊ, म्हणून म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. मजकूर थोडक्यात असा: "स्पार्क प्लगचं वेगळं सॉकेट म्हणजे दुकानदारांची लूट. १६ नंबरची साधी डीप गोटी घ्या, सगळ्या मोटरसायकलींना चालते. प्लग इंजिन गरम असताना खोला, सहज सुटतो. बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि जोर लावून आवळा, नायतर कॉम्प्रेशन लीक होतं." खाली हात जोडलेले दोन इमोजी. गोटी म्हणजे पान्याचं सॉकेट, डीप म्हणजे लांब, आणि नंबर म्हणजे एमएममधलं माप.

तर पहिलं, "सगळ्यांना १६". हे ज्याने लिहिलं त्याच्याकडे स्प्लेंडर असणार, दुसरी गाडी त्याने उघडलेली नसणार. स्प्लेंडरच्या प्लगला १६ लागतो हे खरं आहे, पल्सरला पण १६. पण आमच्या बाबांची आरएक्स १०० आहे ना, तिला १६ दाखवून बघा, तो प्लगच्या डोक्यावर चढायचाच नाय, तिला लागतो २१. जुनी येझदी, टू-स्ट्रोक बजाज स्कूटर, सगळी २१ ची मंडळी. आणि मधला एक १८ पण असतो, तो आपल्याकडे कमी दिसतो म्हणून लोक त्याला विसरतात आणि मग १९ ची गोटी किंवा पाऊण इंची, म्हणजे १९.०५ ची, घालून फिरवतात आणि डोक्याचे कोपरे गोल करून मोकळे होतात. काही नव्या इंजिनांत तर १४ चं डोकं पण येतं. म्हणजे चार मापं झाली, कुठली १६ घेऊन बसलायत.

आता इथे लोकांचा खरा घोळ कुठे होतो ते सांगतो, कारण फॉरवर्डवाल्याला ते माहीतच नाय. प्लगचं माप म्हणून जे सांगतात ते बहुतेक वेळा आट्यांचं माप असतं, पान्याचं नाय. दुकानात "१० एमएमचा प्लग" म्हणतात तो आट्याने १० आणि डोक्याने १६. १२ चा आटा असेल तर डोकं साधारण १८. १४ चा आटा असेल तर २१ (खरं माप २०.८, पण गोटीवर २१ लिहिलेलं असतं आणि जुन्या इंची सेटात तेरा-सोळांश). माझ्या ओळखीचा एक मुलगा खरंच "१० चा प्लग" ऐकून १० नंबरची गोटी घेऊन आला होता, हसू नका, मी पण पहिल्यांदा १२ ची मागितली होती.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर जो कोड छापलेला असतो तो वाचा. एनजीके कंपनीचा असेल तर पहिलं अक्षर बघायचं. सी म्हणजे १० चा आटा, १६ चा पाना, उदाहरणार्थ सीआर७एचएसए. डी म्हणजे १२ चा आटा, १८ चा पाना, जसा डी८ईए. बी म्हणजे १४ चा आटा, २१ चा पाना, जसा बी८एचएस. पण त्यातही गंमत आहे, बीकेने सुरू होणारे प्लग १४ च्या आट्याचे असून डोकं १६ चं असतं, म्हणजे नुसता आटा बघून पण पाना ठरत नाय. कोड पुसला गेला असेल तर व्हर्नियर लावा, डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर घ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नाय.

दुसरं, "साधी डीप गोटी चालते". इथे तो अर्धा बरोबर आहे. हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणावर, उघडा प्लग असेल, आजूबाजूला मोकळी जागा असेल तर चालते, मी पण वापरलीय. पण बऱ्याच फोर-स्ट्रोकांत प्लग हेडच्या खड्ड्यात बसलेला असतो आणि तिथे नंबर बरोबर असून गोटी आत जात नाय, कारण तिची भिंत जाड. माझ्याकडच्या अर्ध्या इंची ड्राइव्हच्या १६ च्या गोटीचा बाहेरचा व्यास मोजला तर २४ भरला, गाडीबरोबर आलेल्या पत्र्याच्या नळीसारख्या बॉक्स पान्याचा २१. तीन एमएम म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण खड्ड्यात उतरवताना तेवढ्यानेच अडतं. आणि तो फॉरवर्डवाला ज्याला लूट म्हणतो त्या प्लगच्या सॉकेटात आत एक रबराची रिंग नायतर चुंबक असतं, ते प्लगला धरून ठेवतं, म्हणजे सुटलेला प्लग वर ओढता येतो आणि मातीचा भाग आतल्या लोखंडाला आपटत नाय. साधी गोटी वाकडी धरून झटका दिलात की मातीला केसासारखी चीर जाते, दिसत पण नाय, आणि मग गाडी मिसफायर करते आणि आपण कार्बोरेटर खोलत बसतो. माझे असे दोन रविवार गेलेत.

सेटात बाराकोनी आणि सहाकोनी दोन्ही गोट्या असतील तर सहाकोनीच घ्या. आपल्याकडे तर नक्कीच. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत आणि चार महिने पावसात प्लगचं डोकं गंजून झिजतं, बाराकोनी त्यावर सटकते. बऱ्याच हेडना प्लगच्या खड्ड्यातलं पाणी बाहेर जायला बाजूला एक बारीक भोक असतं, आमच्या साखळी-डिचोली भागातल्या लाल चिखलाने ते बुजतं आणि खड्ड्यात पाणी साचून राहतं. तार घालून ते मोकळं करा. आणि प्लग खोलायच्या आधी सायकलच्या पंपाने खड्ड्यात हवा मारा, नायतर ती लाल रेती सरळ सिलिंडरमध्ये. हे फॉरवर्डमध्ये एका शब्दाने नाय.

गरम इंजिनचं म्हणाल तर उलट आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, प्लगचं अंग पोलादाचं, गरम असताना अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात आणि प्लगबरोबर ओरबाडून येतात. अगदीच अडकलेला प्लग असेल तर जुने मेस्त्री इंजिन कोमट करून हलवतात, त्याला माझी ना नाय, पण कोमट आणि पणजीहून आल्या आल्या चटका देणारं यात फरक आहे. हाताचं कातडं पण आपलंच असतं.

आता शेवटचं, ग्रीस आणि जोर, आणि इथे मी स्वतःचं नुकसान करून बोलतोय. एनजीकेसारख्या कंपन्या सांगतात की त्यांच्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, वर काही लावू नका, कारण घसरण वाढली की तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो. १० च्या आट्याला हवे असतात १० ते १२ न्यूटन मीटर, म्हणजे फूटभर लांब दांड्याच्या टोकाला चार किलो टांगल्याएवढं, बस्स. १४ च्या आट्याला २५ ते ३०. मी चार वर्षांपूर्वी स्प्लेंडरला ग्रीस लावून अर्ध्या इंची रॅचेटने, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्याने, "अजून थोडा, अजून थोडा" करत आवळला आणि एका क्षणी पाना एकदम हलका झाला. ज्याच्या हातात आटे गेलेत त्याला तो हलकेपणा माहीत आहे, पोटात गोळा येतो. हेड उतरवून म्हापशाला लेथवाल्याकडे बुश, म्हणजे नव्या आट्यांची नळी, मारून घेतला, आठ दिवस बसने कामाला. तो बुश मारताना म्हणाला, पात्रांव (म्हणजे मालक), प्लग आवळतात, बैलगाडीचं चाक नाय.

कॉम्प्रेशन लीक होऊ नये म्हणून वॉशर असतो, तो दबायला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा पुरतो, तोच प्लग परत घालत असाल तर वॉशर आधीच दबलेला, मग घड्याळाच्या एका तासाएवढं फिरवलं की झालं. आणि सुरुवात पान्याने करूच नका. पेट्रोलच्या पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या टोकावर चढवा आणि बोटांनी फिरवा, आटा वाकडा लागला तर पाइप घसरतो, प्लग पुढे जात नाय, रॅचेटला ती अक्कल नसते.

मावसभावाला मी एवढंच कळवलंय की शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात येशील तेव्हा नंबर सांगत बसू नको, जुना प्लग खिशात घालून आण, दुकानात गोटी त्यावर घालून बघ, हलते का बघ, उलटी धरल्यावर प्लग खाली पडतो का बघ, आणि मग पैसे दे.